टाचणीमावशी पडायला शिकल्या

टाचणीमावशी नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळायच्या. राजाचा झगा, चोराची बंडी, नायिकेचा पिसांचा शेला, सगळं त्यांच्या ताब्यात. पडदा उघडायच्या आधी प्रत्येक पात्र त्यांच्यासमोर येऊन उभं राहायचं, आणि मावशी त्याच्याभोवती फिरून कुठे चिमटा घे, कुठे टाका घाल, असं करत त्याला तयार करून पुढे ढकलायच्या. दोन्ही हात कामात, म्हणून टाचण्या ओठांत. ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलता येत नाही. तीसेक वर्षं असं चालल्यावर मावशींचं बोलणं आपलं बिऱ्हाड उचलून भुवयांत राहायला गेलं. उजवी भुवई वर गेली की ‘सरळ उभा राहा’. दोन्ही गेल्या की ‘हे काय करून ठेवलंस?’ डोळे मिटून मान हलली की समजायचं, ही विजार आता काही वाचत नाही. भल्याभल्या नटांना समीक्षकांची भीती वाटत नसे, पण मावशींच्या भुवयांना ते वचकून असत.

घरी मात्र त्यांना वेगळ्याच कारणाने बोलायला मिळत नसे. त्यांचे यजमान बसचे कंडक्टर होते. ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत त्यांनी आवाज असा कमावला होता की मागच्या दारातला माणूस दचकून पुढच्या दारात जायचा. निवृत्त झाल्यावर सरकवायला कुणी उरलं नाही, म्हणून काका घरातल्या गोष्टी पुकारत बसत. ‘दूध तापतंय.’ ‘टपालवाला येतोय.’ ‘टपालवाला गेला.’ मावशी हुंकार भरायच्या. त्यांचा संसार छान चालला होता.

त्या वर्षी नाटकांना सुट्टी लागली आणि नाट्यगृह चित्रपटवाल्या मंडळींना भाड्याने दिलं गेलं. व्यवस्थापकांनी मावशींना बोलावून सांगितलं, “तुम्ही रोज येत जा. कपडे त्यांना आपलेच लागणार आहेत, आणि परक्या हातात कपाटाची किल्ली द्यायला माझा जीव धजत नाही.”

दिग्दर्शन करणारी बाई चाळिशीची, आखूड केसांची. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की दृश्य सुरू, पुन्हा वाजली की बंद. पहिल्याच दिवशी सगळे तिला शिट्टीबाई म्हणू लागले आणि तिनेही हरकत घेतली नाही. तिने मावशींना चित्रपटाची गोष्ट सांगितली. पुढे रंगमंचावर मोठं रडकं नाटक चाललंय, राजा मरतोय, प्रेक्षक नाक पुसतायत. आणि मागे एक नवा कामगार आलाय. तो हात लावील ते पडतं. पण नाटक चालू आहे, तेव्हा आवाज करायचा नाही. पडायचं, आपटायचं, भांडायचं, एकमेकांच्या मागे धावायचं, सगळं तोंड दाबून. चित्रपटात एकही शब्द नाही.

“एकही नाही?” मावशींनी विचारलं.

“एकही नाही.”

“मग आमच्यासारखंच आहे,” मावशी म्हणाल्या आणि टाचण्या ओठांत धरून कामाला लागल्या.

तो नवा कामगार झालेला नट चांगला ताडमाड उंच होता. त्याला लंबू म्हणत. लंबू सरळ चालला तरी लोकांना हसू यायचं, कारण त्याचे गुडघे कुठल्या दिशेला निघालेत याचा त्यालाही पत्ता नाही असं वाटायचं. पडणं हा त्याचा धंदा होता. जिन्यावरून, टेबलावरून, घोड्यावरून, तो पडून पोट भरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंबूचं शिडीचं दृश्य होतं. खांद्यावर लांब शिडी घेऊन त्याने विंगेमागून धावत यायचं, कुणीतरी हाक मारल्यासारखं गर्रकन वळायचं, आणि शिडीच्या टोकाने मागे रचलेल्या टोप्यांच्या पेट्या पाडायच्या. मावशी बाजूला स्टुलावर बसून एक बाही शिवत होत्या. शिट्टी वाजली. लंबू धावत आला, वळला, आणि मावशींना दिसलं की त्याचा कोट पाठीवर खांद्यापासून खाली उसवत चाललाय. त्यांनीच आदल्या दिवशी घातलेली शिवण.

नाटकात असं झालं तर पात्र आत येईपर्यंत थांबायचं असतं, हे मावशींना काय ठाऊक नव्हतं? पण आत म्हणजे कुठे? त्या बसल्या होत्या ती त्यांची रोजची जागा. तिथे आयुष्यात कधी कुणी पाहिलं नव्हतं. आज पाहायचं ते नेमकं तिथेच आहे, हे त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. त्या उठल्या, लंबूच्या मागे गेल्या आणि त्याची कॉलर धरली.

लंबू मुरलेला नट. शिट्टी वाजेपर्यंत काहीही झालं तरी थांबायचं नाही, हे त्याच्या रक्तात होतं. कोण धरतंय म्हणून तो वळला. त्याच्याबरोबर शिडी वळली. मावशी सवयीने खाली वाकल्या, शिडी डोक्यावरून गेली, त्या पुन्हा सरळ झाल्या आणि एक टाचणी कोटाला लावली. तो उलटा वळला. मावशी पुन्हा वाकल्या. मग मात्र त्यांना राग आला. त्यांनी दोन्ही भुवया वर चढवल्या आणि बोटाने त्याला जमिनीवरची जागा दाखवली: इथे उभं राहायचं. लंबू घाबरून इतका ताठ झाला की शिडीचं पुढचं टोक खाली आणि मागचं वर गेलं. मावशी एक पाऊल मागे सरल्या, आणि ते पाऊल थेट कागद डकवायच्या खळीच्या बादलीत गेलं.

बादली निमुळती होती आणि खळ घट्ट. पाय निघेना. मावशी एका पायावर नाचत आधार शोधू लागल्या, हाताला दोरी लागली, ती त्यांनी धरली. दोरी खुंटीवरून सुटली. वर टांगलेला रंगवलेला पडदा, राजवाडा, बाग आणि कारंज्यासकट, धप्पकन मावशींच्या अंगावर आला.

मग राजवाडा हलू लागला. आतून बादली खण्ण खण्ण वाजत होती. राजवाडा आधी डावीकडे गेला, मग एका खांबाला धडकला, मग थोडा विचार करून उजवीकडे आला. राजवाड्याच्या दाराला पात्रांना जाण्यायेण्यासाठी चीर ठेवलेली होती, तीतून एक हात बाहेर आला, मग मावशींचं डोकं. केसांवर धूळ, नाकावर खळ, ओठांत टाचण्या जागच्या जागी. त्यांनी लंबूकडे पाहिलं आणि उजवी भुवई वर केली.

सगळे फुटले. प्रकाशयोजनेचा माणूस भिंतीला टेकून खाली घसरला. शिट्टीबाईंना शिट्टी वाजवायची होती, पण तोंडातून नुसती हवा येत होती.

मावशींनी टाचण्या तळहातावर काढल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“तीनच आहेत,” त्या म्हणाल्या. “चार घेतल्या होत्या.”

हसणं जागच्या जागी थांबलं. सगळे गुडघ्यांवर बसून जमीन चाचपू लागले. कुणी पडदा झटकला, कुणी खळीत हात घातला. मावशी छातीवर हात ठेवून उभ्या, आणि व्यवस्थापक दारातूनच डॉक्टरांना फोन लावायला निघाले. दमलेला लंबू एका पेटाऱ्याला पाठ टेकून बसला आणि तितक्याच वेगाने उठला.

“सापडली,” तो म्हणाला.

टाचणी त्याच्या पाठीवर होती. मावशींनी ती आपल्याच हाताने कोटाला लावली होती, आणि नंतरच्या गोंधळात विसरल्या होत्या.

खरी पंचाईत पुढे झाली. चित्रण पाहायला सगळे छोट्या पडद्याभोवती जमले, तर त्यात मावशी नव्हत्याच. कॅमेरावाला इतका हसला होता की आधी छत, मग जमीन, मग पुन्हा छत, आणि मध्येच राजवाड्याचा एक कोपरा घरंगळत जाताना, एवढंच दिसलं. बिचारा कॅमेरावाला कान धरून उभा राहिला.

शिट्टीबाई मावशींच्या खोलीत आल्या. मावशी पाय धूत होत्या.

“मावशी, हे परत करायचं आपण.”

“मी कपडे बघते हो ताई. मी नटी नाही.”

“नटी नकोच आहे मला. बादलीत पाय घालणाऱ्या मावशी हव्यात.”

“अहो, तो चुकून गेला.”

“मग परत चुकून घाला.”

मावशी खाली वाकून पुन्हा पाय धुऊ लागल्या. पण त्यांच्या कानांत ते हसणं अजून घुमत होतं. नाटकाला येणाऱ्या लोकांचं हसणं त्यांनी जन्मभर ऐकलं होतं, पण ते कापडी भिंतीच्या पलीकडून, दुसऱ्याच कुणासाठी. शेजारच्या घरातल्या लग्नाची वाजंत्री ऐकावी तसं. आज ते थेट अंगावर आलं होतं आणि त्यांना, खरं सांगायचं तर, फार आवडलं होतं.

घरी जाईपर्यंत त्यांना दम निघेना. चपला काढता काढताच त्यांनी काकांना सगळं सांगितलं. काका आधी हसले, मग खोकले, मग पाणी प्यायले, मग म्हणाले, “पुन्हा सांग. बादलीपासून.” दुसऱ्यांदा सांगत असताना लेक आली.

लेक जवळच राहायची आणि हाडांच्या दवाखान्यात प्लॅस्टर घालायच्या खोलीत काम करायची. तिने ऐकून घेतलं. तिला हसू आलं नाही.

“किती वर्षांची आहेस तू, आई?”

“तुला माहीत आहे की.”

“मला माहीत आहे. तुला आहे का? माझ्याकडे रोज तुझ्या वयाच्या बायका येतात. कुणी पायपुसण्यावरून घसरलेली असते, कुणी पलंगावरून उतरताना. त्यांनी काही ठरवून उड्या मारलेल्या नसतात. आणि तू ठरवून पडणार? तोंडात टाचण्या घेऊन?”

“अगं, गंमत आहे ती.”

“खुब्याचं हाड मोडलं की गंमत नसते. मला तुला त्या टेबलावर बघायचं नाही.” तिचा आवाज जरा चिरकला. काका काहीतरी पुकारणार होते, ते गप्प बसले. लेक पिशवी उचलून निघून गेली.

मावशींना ते कळत होतं. पोरीचं चुकीचं नव्हतं. तिची भीती खरी होती, रोज हाताने चाचपलेली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शिट्टीबाईंना सांगितलं, “करते मी.”

आणि त्यांना काही म्हणजे काही जमेना. बादली येणार हे ठाऊक असल्यामुळे त्या चार पावलं आधीच तिच्याकडे चोरून बघायच्या. पाय घालण्याआधी झगा वर धरायच्या. एकदा तर पाय घालून झाल्यावर त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहून ‘बरोबर आहे का?’ अशी मान हलवली. लाकडाच्या ओंडक्याला शोभेल असं त्या पडत होत्या. हसणं तर सोडाच, कुणी त्यांच्याकडे धड पाहतही नव्हतं. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी लंबू एक जुनी गादी ओढत कपडेपटात घेऊन आला.

“मावशी, तुमचं कुठे चुकतंय सांगू? तुम्ही पडायला निघता.”

“मग? पडायचंच आहे ना?”

“पडायला निघालेल्या माणसाला कोण हसणार? तुम्ही उभं राहायला निघा. शेवटपर्यंत, जीव खाऊन उभं राहायचं. पडणं आपलं आपण येतं, त्याला बोलवावं लागत नाही.”

मग त्याने त्यांना शिकवलं. हनुवटी छातीला लावून ठेवायची, डोकं वाचतं. हात टेकायचे नाहीत, मनगट जातं. श्वास धरायचा नाही, सोडायचा. खाली जाताना पोत्यासारखं नाही, तर गुंडाळी सुटल्यासारखं जायचं: आधी पोटरी, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठ. तो स्वतः सावकाश पडून दाखवायचा, आणि तो लांबलचक देह असा अलगद जमिनीवर उतरायचा की मावशींना वाटलं, रेशमी कापड टेबलावरून सरकतंय. रेशमी कापड त्यांना कळत होतं. तिथून त्यांना जरा वाट सापडली.

सराव घरी सुरू झाला. पलंगावरच्या गाद्या खाली आल्या, टेबल भिंतीला लागलं. शिडी म्हणून काकांनी कपडे वाळत घालायची काठी खांद्यावर घेतली.

“शिडी येतेय,” काकांनी पुकारलं. “शिडी डावीकडून येतेय. वाकून घ्या.”

“अहो, मूकपट आहे.”

“तुझ्यासाठी आहे. मी माझ्या घरी आहे.”

मावशी वाकल्या, उठल्या, मागे सरल्या, बादलीत पाय घातला आणि गादीवर आडव्या झाल्या. पुन्हा. आणि पुन्हा. चौथ्या की पाचव्या वेळी दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या.

“वर काय चाललंय हो? माझ्या कपाटातल्या कपबशा हलतायत.” मग त्यांचं लक्ष मावशींच्या पायाकडे गेलं. “पाय अडकलाय का?”

“नाही. अडकवलाय,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

काकूंनी ऐकून घेतलं. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. जराशा विचारात पडून त्या म्हणाल्या, “तसं असेल तर सांगते. खालून ऐकताना दुसरं पडणं सगळ्यांत चांगलं वाटलं. शेवटच्यात तुम्ही आधी बसलात आणि मग पडलात. दोन आवाज आले.”

मावशी आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई अगदी बरोबर बोलत होत्या. त्या दिवसापासून संध्याकाळी वर मावशी पडायच्या आणि खालून काकू झाडूच्या दांड्याने छतावर टकटक करायच्या. एकदा केली तर बरं, दोनदा केली तर छान. असं करता करता एका संध्याकाळी टकटक थांबेचना. काका काठी टाकून नाचायला लागले.

टाचण्यांचंही मावशींनी जुळवून आणलं. जाड दोऱ्याला गोंद लावून तो उन्हात कडक वाळवला, बारीक तुकडे केले, त्यांना चंदेरी रंग दिला आणि टोकाला काळ्या रंगाचा थेंब. ओठांत धरल्या तर त्यांच्या त्यांनाही फरक कळेना. गिळल्या तरी पोट दुखण्यापलीकडे काही होणार नव्हतं.

लेकीचा मात्र पत्ता नव्हता. काकांनी फोन केला की ती बोलायची. आईला द्या, असं म्हणायची नाही.

चित्रणाचा दिवस उजाडला. मावशी कपडेपटात बसून ॲप्रनच्या नाड्या पुन्हा पुन्हा बांधत होत्या. दार उघडलं आणि लेक आत आली. हातात दवाखान्याची मोठी पिशवी.

“मी तुला थांबवायला आले नाहीये,” ती म्हणाली. “तू ऐकणार नाहीस हे बाबांनी मला तीनदा पुकारून सांगितलं.”

“मग?”

“झगा वर कर.”

ती खाली बसली. पिशवीतून कापूस आणि रुंद पट्ट्या काढल्या आणि आईच्या दोन्ही खुब्यांवर जाड घड्या ठेवून घट्ट गुंडाळायला लागली. मग गुडघे. मग कोपरं. रोज कितीतरी अनोळखी बायकांना हात लावणारी ती, आईचा पाय मात्र मांडीवर घेऊन क्षणभर थांबली. मावशींनी तिच्या केसांवर हात ठेवला.

“कुठे दुखलं तर लगेच सांगायचं,” लेक वर न बघता म्हणाली. “भुवईनं नाही. तोंडानं.”

शिट्टी वाजली.

लंबू शिडी घेऊन आला. मावशी स्टुलावरून उठल्या, कॉलर धरली. शिडी वळली, मावशी वाकल्या. टाचणी लागली. शिडी उलटी वळली, मावशी वाकल्या. भुवया वर. लंबू ताठ. एक पाऊल मागे, आणि पाय बादलीत. या वेळी बादलीची त्यांना आठवणसुद्धा नव्हती, कारण त्या जीव खाऊन उभ्या राहत होत्या. एका पायावर नाचत त्यांनी दोरी पकडली, दोरी खुंटीवरून सुटली, मावशींनी खांदे आवळले, मान आत घेतली आणि पडदा अंगावर यायची वाट बघत उभ्या राहिल्या.

पडदा आलाच नाही.

वरच्या कप्पीत दोरी अडकली होती. पडदे वरखाली करणारे दोरीवाले भाऊ वर बघत राहिले. शिट्टीबाईंनी शिट्टी ओठांपर्यंत नेली आणि तशीच धरली. मावशी अजून आवळलेल्याच. मग त्यांनी एक डोळा उघडला. वर पाहिलं. राजवाडा जागच्या जागी. त्यांनी लंबूकडे पाहिलं. लंबूने वर पाहिलं, मग मावशींकडे, आणि ‘मला काय माहीत’ असे खांदे उडवले. मावशींनी केस नीट केले. पैसे मोजूनही दुकानदार माल देईना झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी दोरीला हलकासा हिसका दिला. काही नाही. जोरात दिला. काही नाही. तेव्हा त्यांनी दोरी हाताला गुंडाळली, भुवया कपाळाच्या वर नेऊन ठेवल्या आणि सगळा भार दोरीवर टाकून लोंबकळल्या.

कप्पी सुटली. राजवाडा, बाग आणि कारंजं धाडदिशी लंबूच्या डोक्यावर आले, आणि दोरीच्या या टोकाला मावशी बादलीसकट वर निघाल्या.

फार उंच नाही, माणूसभर. पण खालच्यांना त्या छताला लागल्यासारख्या दिसल्या. पडद्याच्या चिरेतून लंबूचं डोकं बाहेर आलं. त्याने आजूबाजूला पाहिलं, मावशी कुठेच नाहीत. तेवढ्यात बादलीतली खळ त्याच्या टाळूवर टपकली. त्याने वर पाहिलं. मावशींनी वरून त्याच्याकडे पाहिलं आणि एका हाताने त्याच्या कोटाकडे बोट दाखवलं. कोट पुन्हा उसवला होता.

मग पडदा जमिनीला टेकला, त्याचं ओझं कमी झालं, दोरीवाल्या भाऊंनी धावत येऊन दोरी धरली, आणि मावशी सावकाश खाली उतरल्या. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ. सगळं जसं शिकवलं तसं. शेवटी बादली पायातून निघाली आणि आपली आपण घरंगळत कॅमेऱ्यासमोरून निघून गेली.

कुणी हललं नाही. कॅमेरावाल्याने या वेळी तोंडात रुमाल कोंबला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कॅमेरा खांबासारखा स्थिर. विंगेत लेक दोन्ही हात तोंडावर धरून उभी. मावशींनी पडल्या पडल्याच तिला शोधलं, ओठांतल्या खोट्या टाचण्या काढल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “कुठेही दुखत नाहीये.”

तेव्हा कुठे शिट्टी वाजली, आणि मग जो कल्लोळ उठला त्यात लेकही हसत होती. हसता हसता तिने आईचे दोन्ही घोटे तपासले, हात तपासले, दोरीने तळव्यावर पडलेला लाल वळ पाहून जिभेने च् केलं आणि त्याला मलम लावलं. शिट्टीबाई नुसत्या येरझारा घालत होत्या. ठरवलेलं दृश्य त्यांना मिळालं नव्हतं आणि जे मिळालं होतं ते कुणी ठरवून करू शकलं नसतं. त्यांनी दोरीवाल्या भाऊंना आधी चांगलं फैलावर घेतलं आणि मग मिठी मारली.

चित्रपट तयार झाला तेव्हा त्याचा पहिला खेळ त्याच नाट्यगृहात ठेवला. रंगमंचावर पांढरा पडदा, खाली चार वादक. मावशींना पुढच्या रांगेत बसवलं. या नाट्यगृहात त्या प्रेक्षकांच्या खुर्चीवर कधीच बसल्या नव्हत्या. खुर्ची इतकी अडचणीची आहे हे आधी कळलं असतं तर व्यवस्थापकांना सांगितलं असतं, असं त्या लेकीच्या कानात म्हणाल्या. पण जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारी काका, नव्या सदऱ्यात, कधी नव्हे ते गप्प. त्यांच्या पलीकडे खालच्या काकू.

दिवे गेले. लंबू आला, पेट्या पडल्या, राजा मरता मरता शिंकला. लोक हसत होते. मग पडद्यावर एका स्टुलावर कुणी बाई बाही शिवताना दिसली, आणि मावशींनी लेकीचा हात पकडला. स्वतःला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला. बादलीपाशी हसण्याची पहिली लाट आली. पडदा पडला नाही आणि मावशींनी एक डोळा उघडला, तेव्हा दुसरी. आणि त्या वर निघाल्या तेव्हा मागच्या रांगेतला एक गृहस्थ पुढच्या खुर्चीवर डोकं आपटून घेत होता. खालच्या काकू आपला गुडघा थाड थाड बडवत होत्या. काकांना आता राहवेना. ते उठून उभे राहिले आणि मागच्या दारापर्यंत पोचेल अशा आवाजात त्यांनी पुकारलं, “ती माझी बायको आहे.”

सगळं नाट्यगृह पुन्हा हसलं. मावशींनी त्यांचा सदरा ओढून त्यांना खाली बसवलं, पण त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

नंतर काही महिने गंमत चालली. दुकानात लोक त्यांच्याकडे वळून बघत आणि मग सवयीने वर छताकडे बघत. एकदा एका चिमुरडीने रस्त्यात अडवून विचारलं, “आजी, आत्ता पडाल का?” मावशींनी तिला समजावलं की उगाच पडायचं नसतं. पण तिचं तोंड एवढंसं झालेलं पाहून दोन पावलं अशा काही अडखळल्या की पोरगी हसत हसत आईकडे पळाली.

सुट्टी संपल्यावर मावशी आपल्या कपडेपटात परत गेल्या. शिट्टीबाईंचा निरोप मात्र दर दीडदोन वर्षांनी यायचा. कधी बेकरीवाली होऊन पिठाच्या पिंपात, कधी नवरीची आत्या होऊन तळ्यात. दर वेळी लेक पिशवी घेऊन हजर. तिने आईच्या पडण्यावरून बेतून खुब्याच्या गाद्यांचा एक कंबरपट्टा शिवून घेतला होता, आईकडूनच, आणि तो पुढे दवाखान्यातल्या दोन म्हाताऱ्यांनाही लागू पडला. काका गेले त्या वर्षी मावशींनी काम घेतलं नाही. पुढच्या वर्षी घेतलं.

मावशींनी सत्तरी ओलांडल्यावर शिट्टीबाईंनी त्यांना एक काम दिलं, त्यात बागेतल्या बाकावर बसून नुसतं एक सफरचंद खायचं होतं. मावशी चित्रणाला गेल्या, बसल्या, सफरचंद खाल्लं. सगळ्यांनी वाखाणलं. त्या मात्र लेकीच्या हाताला धरून घरी येईपर्यंत धुसफुसत होत्या.

“बसायचं काय,” त्या म्हणाल्या, “कुणीही बसेल. त्या बाकाला एक पाय कमी केला असता तर काही बिघडलं असतं का?”

लेक म्हणाली, “मीच त्यांना नको म्हणून सांगितलं होतं.”

मावशी रस्त्यातच थांबल्या आणि दोन्ही भुवया वर करून तिच्याकडे बघत राहिल्या. बघता बघता दोघींनाही हसू आवरेना, आणि मागून येणारा माणूस वळसा घालून पुढे निघून गेला.